चार बोटं मागे

माझे पाय गरजेपेक्षा लांब आहेत, असा ठराव माझ्या सासुरवाडीत एका रविवारी सर्वानुमते पास झाला. ठराव मांडला सासऱ्यांनी, अनुमोदन दिलं साडूने, आणि जिने विरोधात हात वर करायचा ती माझी बायको नेमकी त्या वेळी चहात साखर ढवळत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तोवर माझ्या पायांबद्दल त्या घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. उलट माळ्यावरून सुटकेस काढायची असो की पंख्याची पाती पुसायची असोत, याच पायांना मानाने बोलावणं यायचं. पण माणसाचे गुण आणि दोष शेवटी तो कुठे बसला आहे यावर ठरतात, आणि त्या दिवशी मी सासऱ्यांच्या गाडीत बसलो होतो.

सासऱ्यांची गाडी म्हणजे जुन्या जमान्यातली दोन दारांची कूपे. नाक लांब, पाठ उतरती आणि पोट अगदीच लहान. ज्याने कोणी ती आखली त्याने आधी इंजिनाची ऐसपैस सोय केली, मग दिव्यांची, मग चकचकीत पट्ट्यांची, आणि कागद संपत आल्यावर आत माणसंही बसतील हे त्याच्या लक्षात आलं असावं. रंग फिकट हिरवा. सासरे ती स्वतःच्या हाताने धूत, स्वतः पुसत, आणि दुसऱ्या कोणी नुसतं बोट लावलं तरी तेवढा भाग पुन्हा पुसून घेत. पण आता डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. कोणाच्या तरी बाल्कनीत वाळत घातलेला लाल शर्ट सिग्नल समजून ते भर रस्त्यात थांबले, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा खाली उतरून त्यांना वाहतुकीचे नियम समजावू लागले. ही गोष्ट घरी पोचायला वेळ लागला नाही.

तेव्हा गाडी दोन जावयांपैकी एकाला द्यायची असं ठरलं. मला ती हवी होती. इथे खोटं कशाला बोलू? लग्नाआधी मी या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा फाटकातून मला आधी गाडी दिसली आणि मग बायको. हा क्रम मी घरात कधीच सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

दुसरा उमेदवार माझा साडू, म्हणजे धाकटा जावई. साडू तसा चांगला माणूस आहे, म्हणजे त्याच्याबद्दल वाईट बोलायला पुरावा लागतो आणि तो त्याने कधी मागे ठेवलेला नाही. उंचीने माझ्या खांद्याला लागतो. गाडी मिळाली तर तिला भडक लाल रंग मारायचा आणि फोटो काढून घेणाऱ्या हौशी लोकांना तासावर भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत होता. हे त्याने सासऱ्यांना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं, आणि मी सासऱ्यांना सांगितलं तर ती चहाडी ठरली असती. सज्जन माणसाची अशी सगळीकडून कोंडी होते.

सासरे निवृत्तीपूर्वी शाळा तपासनीस होते, त्यामुळे कुठलाही प्रश्न परीक्षा घेऊन सोडवायचा हा त्यांचा खाक्या. परीक्षा अशी की, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी न्यायची आणि परत आणायची. शेजारी सासरे. मागे सासूबाई, त्याही चालवणाऱ्याच्या पाठीशी, कारण मागच्या सीटच्या दुसऱ्या अर्ध्या भागात स्टेपनी असते. डिकीत छत्रीखेरीज काही मावत नाही. साडू आधी गेला आणि शीळ घालत परत आला. तो आत बसला की बाहेरून नुसता भांग दिसतो, पण सासऱ्यांच्या मते गाडीत माणूस दिसण्यापेक्षा गाडी दिसणं महत्त्वाचं.

मग मी आत शिरलो. म्हणजे आधी एक पाय गेला, मग कंबर गेली, मग डोकं गेलं, आणि उरलेला पाय बराच वेळ रस्त्यावरच होता. तो शेवटी बायकोने उचलून आत दिला आणि दार लावून घेतलं. सीट मागे जाईल तेवढी गेलेली होती, तरी माझे गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना उभे राहिले. सरळ रस्त्यावर मी बरा चालवतो, पण रस्ते सरळ नसतात ही अडचण आहे. न्हाव्याच्या दुकानाशी वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं, ते गुडघ्याला लागून अडलं. गुडघा बाजूला घ्यावा तर एकीकडे दार आणि दुसरीकडे गिअरचा दांडा. ब्रेकवर पाय न्यावा तर पाय उचलायला वर जागा नाही. गाडी अगदी सावकाश, विचार केल्यासारखी सरळ गेली, न्हाव्याच्या फूटपाथवरच्या पाटीला टेकली आणि बंद पडली. टेकताना माझा गुडघा हॉर्नवर बसला आणि तिथेच राहिला. न्हावी बाहेर आला, त्याच्यामागून अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक आलं, आणि दोघांनी मला शांतपणे विचारलं, की आता तर थांबलात, मग हॉर्न कशाला वाजवताय? हॉर्न मी नाही, माझा गुडघा वाजवतोय, हे सांगायला माझं मन धजेना.

घरी आल्यावर सासऱ्यांनी चष्मा पुसला.

"तुमची अक्कल गुडघ्यात आहे असं मी कधीच म्हटलं नाही," ते म्हणाले. "पण असलीच, तर या गाडीत तिला हलायला जागा नाही."

यावर साडू हसला, आणि हसू दाबल्याचं नाटक केल्यामुळे ते जास्तच दिसलं. त्यानंतर तो पायांचा ठराव झाला. मला वाटलं, आटोपलं. पण साखर ढवळून झाल्यावर बायकोने विचारलं, की बाबा, गाडीत जागा नाही हा यांचा दोष कसा? सासऱ्यांना न्यायाची चाड आहे, म्हणजे मुलीने विचारलं तर असते. मला महिनाअखेरीस फेरपरीक्षा मिळाली. तयारीसाठी गाडी घरी न्यायची परवानगीही मिळाली, पण अटींसह. पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. स्टिअरिंगला हात न लावता परीक्षा कशी द्यायची, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही.

गाडी आमच्या इमारतीत आणली बायकोने. ती छान मावते. मी शेजारी बसून रस्ता दाखवत होतो, जो तिला माहीत होता.

आपल्याकडे माणसाला ताप आला तर शेजारी एखादं औषध सुचवतात, पण गाडीत पाय मावत नाहीत म्हटल्यावर सगळी इमारत डॉक्टर झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, की पातळ तळव्याच्या चपला घाला, तेवढंच बोटभर वाचेल. बोटभर वाचलं, पण चप्पल क्लचखाली अडकून तिथेच राहायला लागली. वरच्या मजल्यावरच्या व्यायामवाल्याने रोज सकाळी गुडघे छातीला लावायला सांगितलं. चौथ्या दिवशी गुडघे छातीला लागले आणि पाठ तिथेच धरली. खालच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे एक प्रोफेसर राहतात. त्यांनी प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहायचं ठरवलं. आमच्या दिवाणखान्यात खुर्ची ठेवली, माझ्या हातात स्टिअरिंग म्हणून पिठाची चाळणी दिली, पायाशी तीन जाडजूड पुस्तकं मांडली आणि फूटपट्टीने माझी मांडी, पोटरी, पाऊल असं सगळं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे मांडलं. बराच वेळ गणित करून ते म्हणाले, तुम्हाला फक्त चार बोटं जागा कमी पडते आहे. सीट चार बोटं मागे गेली की झालं. मी विचारलं, ती कशी न्यायची? ते म्हणाले, तो इंजिनिअरिंगचा भाग आहे, आणि चहा पिऊन गेले.

चाळणी घेऊन बसलो असताना बायको आत-बाहेर करत होती. तिने अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ऐकवली. मी म्हटलं, अंथरूण तुझ्या वडिलांचं आहे. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्यात संवाद झाला नाही.

सराव म्हणून मी रोज संध्याकाळी खाली जाऊन उभ्या गाडीत बसत असे. दार उघडं ठेवून एक पाय बाहेर सोडला की जरा बरं वाटायचं. त्यावर इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. नेमून दिलेली जागा ही वाहनासाठी असून वाहनाबाहेर आलेल्या अवयवांसाठी नाही, तरी जाण्या-येण्याच्या वाटेवरून सदर पाय त्वरित हटवण्यात यावा, असा मजकूर होता. तो त्यांनी फलकावर लावला. पुढे आठवडाभर इमारतीतली पोरंटोरं मला पाहिलं की आपला एक पाय उचलून धरत. माझं नाव आजही काही जणांना माहीत नाही, पण 'सदर पाय' म्हटलं की ओळख पटते.

मग मला वाटलं, जे करायचं ते कायदेशीर करावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वाहन कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावर जे साहेब होते त्यांनी मला विचारलं, की खालच्या पहिल्या खिडकीत विचारलंत का? तिथे पुन्हा गेलो तेव्हा कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं आणि माझी सगळी कहाणी ऐकून घेतली. इतक्या आपुलकीने कोणी ऐकलं की माणूस वाहवत जातो. मी न्हाव्याचंही सांगितलं.

"सीट हलवायची तर परवानगी लागते," तो म्हणाला. "पेडल हलवायचे तर परवानगी लागते. स्टिअरिंगला तर तज्ज्ञाचा दाखला लागतो. एका गोष्टीला मात्र काहीच लागत नाही."

"कुठल्या?" मी आशेने विचारलं.

"चालक बदलायला."

मागच्या रांगेतली माणसं हसली. हेच मत सासऱ्यांचंही होतं, फक्त ते मला बसल्या जागी ऐकायला मिळालं होतं. त्यासाठी रजा टाकावी लागली नव्हती. जाता जाता त्या कारकुनाने एवढं मात्र सांगितलं, की मूळचेच भाग मूळच्याच भोकांत बसवले तर त्याला बदल म्हणत नाहीत. तेव्हा मी रागात होतो, त्यामुळे ते नीट ऐकलं नाही.

शेवटी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याला सगळे बघूमास्तर म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो 'बघू' म्हणतो. आज होईल का, बघू. जमेल का, बघू. तुम्ही आधी असं काम केलं आहे का, बघू. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, मग गाडीभोवती मारली, आणि दोघांची कीव येऊन म्हणाला, सीटच्या पाठीतला कापूस काढू. काढला. गादी करणाऱ्याला बोलावून बसायच्या भागातलाही काढला. आता मी मागे गेलो, पण तितकाच खालीही गेलो. स्टिअरिंगच्या वर्तुळातून मला फक्त आकाश आणि दुकानांच्या पाट्यांचा वरचा अर्धा भाग दिसू लागला. खाली गेल्यामुळे गुडघे होते त्याहून वर आले. मग दिसावं म्हणून बुडाखाली उशी घेतली, तर डोकं छताला लागलं. डोकं लागू नये म्हणून मान वाकडी केली, तर समोरच्या पानवाल्याला वाटलं मी त्याला बोलावतो आहे. तो येऊन उभा राहिला. आगीतून फुफाट्यात पडलेला माणूस मी पहिलाच नसेन, पण उशी घेऊन पडलेला बहुधा पहिलाच.

कापूस परत भरला. बघूमास्तर वैतागला. त्याने सीट पूर्ण बाहेर काढली, ती ज्या दोन लोखंडी रुळांवर मागेपुढे सरकते ते रूळही काढले, घासले, तेल-पाणी केलं आणि बाहेर वाळत ठेवले. मी उदास होऊन टायरांच्या थप्पीवर बसलो होतो. साडू लाल रंगाचे नमुने बघत असेल, असं सारखं डोळ्यांसमोर येत होतं. संध्याकाळ झाली. मास्तरला दुकान बंद करून कुठेतरी जायचं होतं, त्यामुळे घाईघाईत त्याने रूळ लावले, सीट ठोकली आणि मला म्हणाला, बसा.

मी बसलो आणि बसलेलाच राहिलो. गुडघे स्टिअरिंगच्या खाली होते. पाय उचलता येत होता. इतकंच काय, मी एकावर एक पाय टाकून पाहिला. घाईत मास्तरने रूळ उलटे बसवले होते. पुढचं टोक मागे आणि मागचं पुढे, आणि त्यांची भोकं मधोमध नसल्यामुळे सगळी सीट बरोब्बर चार बोटं मागे गेली होती. नवीन भोक नाही, काही कापलेलं नाही, भाग मूळचे, जागा मूळची. मी मास्तरला मिठी मारली, तेलासकट.

ही चूक आहे हे त्याच्याही लक्षात आलं होतं, पण मी मिठी मारल्यावर त्याने ती युक्ती होती असं ठरवलं. घरी जाईपर्यंत ती युक्ती माझी झाली. प्रोफेसरांना मी जिन्यातच गाठून रुळांचं तत्त्व समजावलं. सेक्रेटरींना मुद्दाम काचेतून आत असलेले दोन्ही पाय दाखवले. बायको एवढंच म्हणाली, की सीट मागेपुढे करायचा खटका कुठे गेला? तो खटका पूर्वी पुढे, मांडीखाली असायचा. आता रूळ उलटे झाल्यामुळे तो मागे, सीटच्या पाठीशी गेला होता, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या पायापाशी. मी म्हटलं, एकदा सीट मागे गेली की पुन्हा खटका लागतोय कोणाला? विजयी माणसाने खटक्यासारख्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं नसतं.

फेरपरीक्षेच्या दिवशी फाटकापाशी सगळे जमले. साडू मुद्दाम आला होता, सहानुभूती दाखवायला. सासऱ्यांनी गाडीभोवती फिरून, वाकून, हाताने चाचपून पत्रा तपासला. नवीन भोक सापडलं नाही. त्यांचा चेहरा जरा उतरला. सासूबाई मागे चढल्या. चार बोटं मला मिळाली ती कुठून तरी गेलीच असणार, आणि ती कुठून गेली ते त्या बसल्यावर दिसलं. त्यांचे गुडघे माझ्या सीटच्या पाठीला टेकले होते. मी विचारलं, आई, नीट बसलात ना? बसते मी, त्या म्हणाल्या. त्या नेहमी एवढंच म्हणतात. त्या घरात सासरे बोलतात आणि सासूबाई बसतात, अशी वाटणी फार जुनी आहे.

आणि मग मी गाडी काढली. काय सांगू? मी सुखात होतो. स्टिअरिंग फिरत होतं, पाय हलत होते, लांब हिरवं नाक समोर चमकत होतं. न्हाव्याच्या दुकानाशी इतकं देखणं वळण घेतलं, की पाटी आत ओढायला धावलेला न्हावी ती हातात धरून तसाच उभा राहिला. सासऱ्यांनी सीटची घट्ट धरलेली कड सोडली, म्हणजे त्यांची दाद होती. तेवढ्यात मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, की जरा सावकाश. ते मी ऐकलं, पण जसं सगळे ऐकतात तसं ऐकलं.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. सासूबाईंची चप्पल सीटखाली गेली होती. ती काढायला त्या वाकल्या. हाताला काहीतरी लागलं, तो चपलेचा पट्टा असेल असं समजून त्यांनी ओढलं. नेमका त्याच वेळी एक सायकलवाला आडवा आला आणि मी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मी थांबलो नाही. सीटसकट पुढे गेलो, आणि पूर्वी होतो त्याच्याही पुढे जाऊन खटकन अडकलो. गुडघे कानाशी, छाती स्टिअरिंगवर, नाक काचेवर, आणि हॉर्न चालू. सायकलवाला घाबरून सायकल टाकून पळाला. सासरे ओरडले, की हे काय चाललंय तुमचं? मला बोलता येत नव्हतं, कारण तोंड काचेला लागलं होतं. मागून मात्र एक आवाज आला. तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. सासूबाई 'अगंबाई' म्हणून चक्क हसत होत्या.

सीट मागे न्यायची तर खटका त्यांच्याकडे. त्यांनी तो ओढला, मी गाडीला वेग दिला, आणि मी आपोआप मागे गेलो. पुन्हा सुख. मला वाटलं, झालं ते चुकून झालं. पुढे बसच्या मागे अडकलो होतो, तिला मागे टाकावं म्हणून जोर केला. मागून पुन्हा आवाज आला, जरा सावकाश. मी म्हटलं, हो हो, आणि जोर कायम ठेवला. बस वळली, मला ब्रेक लावावा लागला, आणि त्याच क्षणी मी काचेवर गेलो. या वेळी चप्पल त्यांच्या पायातच होती.

पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंतचा परतीचा प्रवास मी गुडघ्यांमधून रस्ता बघत केला. आमच्या शेजारून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे निघून गेले. बुडत्याचा पाय खोलात असं म्हणतात, माझे तर दोन्ही होते. गाडी पोचली तेव्हा साडूने पुढे होऊन दार उघडलं, माझी ती घडी पाहिली आणि त्याचे डोळे आनंदाने भरून आले. बायकोने मला बाहेर काढलं. मी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. गाडी गेली हे मला कळलं होतं. लाल रंगातली ती मला दिसू लागली.

"नापास," सासरे म्हणाले. "खटका मागे असणारी गाडी मी कोणाला देणार नाही. रूळ सुलटे करा आणि गाडी धाकट्यांकडे पोचती करा."

सासूबाई अजून आतच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रूळ राहू देत."

सगळे वळले. साडूचा हात गाडीच्या टपावर होता, तो तिथेच राहिला.

"तुला काय कळतं रुळांतलं?" सासरे म्हणाले.

"रुळांतलं नाही कळत. पण मी इतकी वर्षं या जागेवर बसून तुम्हाला सावकाश चालवा म्हणत आले. एकदा तरी ऐकलंत का? हे दोघेही ऐकत नाहीत. आज पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं."

"त्यांनी कुठे ऐकलं? तू त्यांना काचेवर ढकललंस."

"पण सावकाश चालवली ना पुढे?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी थोरल्यांना द्या."

सासऱ्यांनी पहिल्यांदाच अडखळत सांगून पाहिलं, की धाकटे जावई गाडीत किती छान बसतात. त्यावर सासूबाईंनी जे उत्तर दिलं त्याला त्या घरात तोड नाही.

"म्हणूनच तर. त्यांना कितीही पुढे ढकललं तरी ते आरामातच बसणार. त्यांना काय फरक पडतोय? यांचे पाय लांब आहेत. यांना कळतं."

साडूने तेवढ्यात, आपलेही पाय दिसतात त्यापेक्षा बरेच लांब आहेत आणि बसताना आपल्यालाही खूप त्रास होतो, असं सांगून पाहिलं. त्याने गुडघा चोळूनही दाखवला. पण त्याला उशीर झाला होता. मग सासऱ्यांनी गाडीला लावलेली किल्ली काढून माझ्या हातात दिली. देण्याआधी ती रुमालाने पुसली, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते विनोदी गोष्टीत बसणारं नाही, म्हणून लिहीत नाही.

तेव्हापासून गाडी माझी आहे. दर बुधवारी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे सोडायचं असतं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सासरेही शेजारी बसून येतात आणि मला कुठे गिअर बदलायला हवा होता ते सांगत राहतात. मागच्या महिन्यात सासूबाईंनी मला न सांगता बघूमास्तरला फोन केला आणि शेजारच्या सीटचेही रूळ उलटे करून घेतले. स्टेपनी आता माझ्या सीटच्या पाठीला उभी बांधलेली असते आणि सासूबाई मधोमध बसतात, दोन्ही खटके हाताशी ठेवून. सासऱ्यांचं बोलणं लांबलं की तेही पुढे येतात. मग आम्ही दोघं सासरे-जावई काचेला नाक लावून, गुडघे कानाशी घेऊन, अगदी मुकाट्याने, सायकलींना वाट देत चाललेले असतो. आणि मागे सासूबाई पाय लांब पसरून, खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या असतात.